बेल झाल्याशिवाय गाडी नाही

पिराजी ड्रायव्हर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या अंगातून एसटी काही उतरली नाही. मोटारसायकलला किक मारायची, गियर टाकायचा आणि तसंच बसून राहायचं. मागं बायको भिमाबाई पदर सावरून, पिशवी मांडीवर घेऊन तयार. गाडी धडधडतेय, पण जागची हलत नाही. मग भिमाबाई त्यांच्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक करायच्या. तेव्हा कुठं गाडी निघायची.

"लोक बघत्यात वो," भिमाबाई म्हणायच्या. "कवा सुटायची ही खोड?"

"बेल झाल्याबिगर गाडी न्हाय," पिराजी म्हणायचे. त्यांच्या लेखी विषय संपला.

बेल म्हणजे कंडक्टरची. एसटीच्या छताखालून एक दोरी जायची आणि ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावरची घंटी वाजायची. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे चल. जगातले सगळे कायदे पिराजींना कमी-जास्त पटायचे, पण हा एक त्यांना पूर्ण पटलेला होता. गाडी पुढं बघणाऱ्याची असते, पण दारात कोण लोंबकळतंय, कुणाचा पाय अजून पायरीवर आहे, हे मागं बघणाऱ्यालाच दिसतं. म्हणून मागच्यानं सांगायचं आणि पुढच्यानं ऐकायचं. का म्हणून विचारत बसायचं नाही.

त्यांच्या मागं बघणारे होते कंडक्टर बंडप्पा; पिराजींच्या घरी सगळे त्यांना अप्पाच म्हणायचे. दोघेही अणदूरचेच आणि दोघेही तुळजापूरच्या डेपोत. बंडप्पांचं घर खंडोबाच्या देवळामागच्या गल्लीत, पिराजींचं बुद्धविहारापलीकडं. बंडप्पांचा चेहरा गोल, कपाळाला विभूती आणि आवाज असा की शेवटच्या सीटवर घोरणाऱ्या माणसालाही आपलं गाव आल्याचं कळावं. "फुडं सरका, फुडं! मदी काय मांडव घातलाय का?" ही त्यांची आरोळी ऐकली की लोक हसत हसत पुढं सरकायचे. पिराजी मात्र मोजकं बोलणारे. दिवसभराचं सगळं बोलणं बंडप्पा करायचे आणि सगळी गाडी पिराजी चालवायचे. ही वाटणी दोघांनाही मानवली होती.

नोकरीच्या पहिल्या दिवसांतली गोष्ट. एका गावात गाडी थांबली आणि ओळखीच्या कुणीतरी चहा आणला. बंडप्पांना कपात आणि पिराजींना वेगळ्या, कोपऱ्यात ठेवलेल्या पेल्यात. बंडप्पांनी आपला कप न पिताच खाली ठेवला. म्हणाले, "चला डायवर, फुडच्या गावाला च्या बरा मिळतो." पुढच्या गावात चहाची टपरीच नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. पिराजी स्टिअरिंगवर बसले, दोन टोले झाले, गाडी निघाली. त्यावर दोघं कधी एक शब्दही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मुक्कामाच्या गावी इंजिनाच्या कोमट बॉनेटवर दोन डबे शेजारी शेजारी उघडायला लागले. बंडप्पा लिंगायत, अंड्याच्या वासालाही न थांबणारे. पिराजींच्या घरी रविवार मटणाशिवाय सुना. पण ड्युटीच्या डब्यात भिमाबाईंनी कधी अंडंही घातलं नाही. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एक गोष्ट सोनारी गावची.

काळभैरवाच्या यात्रेला जादा गाड्या सोडल्या होत्या आणि त्यात हे दोघेही होते. ऊन मी म्हणत होतं. धूळ, गुलाल, माणसांचा लोंढा. गाडी मागं घ्यायची होती. आरशात धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. पिराजींनी रिव्हर्स टाकला, गाडी हलली, आणि टण. एकच टोला. पिराजींचा पाय ब्रेकवर गेला. वास्तविक त्यांना काहीच दिसलं नव्हतं. मागून दुसरे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते, पोलीस शिट्टी फुंकत होता. तरी ते थांबले आणि मग खाली उतरून मागं गेले. मागच्या चाकाला लागूनच, गाडीच्या सावलीत, एक म्हातारी फडकं सोडून भाकरी खायला बसली होती. चाक तिच्या लुगड्याच्या काठाला टेकलेलं. तिला त्याचा पत्ताही नव्हता. "सावली सरकू देऊ नगा रं लेकरांनो," असं वर तिचंच म्हणणं.

बंडप्पांनी म्हातारीला हाताला धरून उठवलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात तिकिटं फाडायला लागले.

पुढं रिटायर होताना पिराजींना विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला. डेपोत कार्यक्रम झाला, हार घातला, फोटो काढला. बिल्ला ड्रायव्हरला मिळतो, कंडक्टरला नाही. तसा नियमच आहे, त्यात कुणाची चूक नाही. पण पिराजी बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या मनात सोनारीची ती म्हातारी होती, आणि पहिल्या रांगेत बंडप्पा बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. "सगळ्यांचा आभारी हाय," एवढंच बोलून ते खाली बसले. बिल्ला आजही कपाटात, भिमाबाईंच्या लग्नातल्या शालूशेजारी आहे. तो हातात घेतला की पिराजींना वाटतं, ह्यातला अर्धा बिल्ला आपण दुसऱ्याचा ठेवून घेतलाय.

बंडप्पा आणखी काही वर्षांनी रिटायर झाले. मग रोज दुपारी चारला पिराजी त्यांच्या ओसरीवर जायचे. बंडप्पा बोलायचे, पिराजी ऐकायचे. बंडप्पांच्या बायको लक्ष्मम्मा चहा आणायच्या. गाडी नव्हती, एवढाच फरक.

आणि मागच्या हिवाळ्यात बंडप्पांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आले ते भिंतीला धरून चालत. कळायचं सगळं, पण बोलायला गेले की शब्द तोंडात अडकायचे आणि भलतंच काहीतरी बाहेर पडायचं. पाणी मागायला जावं आणि 'नळदुर्ग' निघावं. ज्या माणसानं जन्मभर आरोळ्या दिल्या, त्याच्यावर ही पाळी. एकदा शेजारचं पोरगं हसलं. हसायचं म्हणून नाही, पोरगंच ते. पण बंडप्पांनी त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलंच.

फिजिओथेरपीवाल्या मॅडम आठवड्याला यायच्या. त्यांनी उजव्या हातात दाबायला रबरी चेंडू दिला. बंडप्पांनी तो बाजेखाली टाकून दिला. मॅडम लक्ष्मम्मांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "हात सुधारू शकतो हो. पण त्यांना स्वतःला हलवावासा वाटला पाहिजे. मन लागेल असं काहीतरी द्या त्यांना. असेच बसून राहिले तर हात कायमचा आखडेल."

पिराजी रोज चारला जातच होते. पण आता ओसरीवर बोलणारंच कुणी नव्हतं. पिराजींना बोलता यायचं नाही आणि बंडप्पांना बोलता येत नव्हतं. दोघं गप्प बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचे. एक दिवस पिराजी दारात आले तर बंडप्पांनी डावा हात हलवला. ये म्हणून नाही. जा म्हणून. आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

लक्ष्मम्मा मागोमाग बाहेर आल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "रागवू नका वो भाऊजी. त्येंला तुमच्याफुडं असं बसायला लाज वाटतीया. तुमी आलाव की जास्तच रडत्यात."

पिराजी घरी आले आणि जेवले नाहीत. भिमाबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनाही कळलं होतं.

पिराजींची मुलगी संघप्रिया नळदुर्गला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. तिनं बापाचा पडलेला चेहरा चार दिवस पाहिला आणि पाचव्या दिवशी आपला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला.

"बाबा, अप्पाकाकांसाठी गेम घेऊ या का?"

"आगं, ते काय लहान लेकरू हाय का?"

"मॅडम काय म्हणाल्या? मन लागेल असं काहीतरी. मी कॉलेजला असताना दोन गेम लई खेळलेय. जुने आहेत, सीडीच्या जमान्यातले. आता नेटवर मिळतात. लढाईपण आहे आणि डोकंपण लागतं. पहिला तुकडा फुकट खेळून बघायचा, आवडला तर विकत घ्यायचा. पण ह्या लॅपटॉपच्या पोटात जागा नाय. दोनांतला एकच मावंल. तुम्ही खेळून बघा आणि सांगा कुठला घ्यायचा."

गेमांची नावं इंग्रजीत होती आणि लांबलचक होती. पिराजींनी त्यांचं बारसं केलं: एक किल्ल्याचा आणि एक ताफ्याचा.

किल्ल्याचा गेम वरून बघायचा. खाली किल्ला, तटबंदी, धान्याची कोठारं, घोडेस्वार. माउसनं शिपायांना इकडं ठेवायचं, तिकडं ठेवायचं. शत्रू आला की एक बटण दाबून सगळं थांबवता यायचं. विचार करायचा, मग पुन्हा सुरू. घाई कसली नाही. एका हातानं, अगदी डाव्या हातानंही, बसल्या जागी एकट्यानं खेळता येईल असा.

ताफ्याचा गेम वाळवंटातला. तुम्ही पुढच्या चिलखती गाडीत आणि मागं औषधं, धान्य, माणसं भरलेल्या ट्रकांची रांग. ती रांग लढाईतून पलीकडच्या छावणीपर्यंत न्यायची. बाणाच्या बटणांनी गाडी चालवायची, तोफ आपोआप उडायची. कोपऱ्यात एक छोटा नकाशा, त्यात मागचे ट्रक ठिपक्यांसारखे दिसायचे. कुठला मागं पडला तर लांब पट्टीचं बटण दाबून सगळ्यांना जवळ बोलवायचं. आणि हा गेम मधे थांबवता यायचा नाही.

पिराजींनी किल्ला खेळला. बरा होता. मग ताफा खेळले, आणि जेवायचं विसरले. वाळूत चाक कसं फसतं, चढाला गाडी कशी दम खाते, ते करणाऱ्यानं बरोबर केलं होतं. पण जमेना. रस्ता बघावा तर मागचे ट्रक लुटले जायचे. नकाशा बघावा तर गाडी खड्ड्यात. दर वेळी हरले आणि दर वेळी पुन्हा खेळले. भिमाबाई म्हणाल्या, "अप्पासाठी आनलंय का तुमच्यासाठी?"

ते पिराजींच्या काळजाला लागलं, कारण खरं होतं. आपल्याला गाडी हाणायची हौस आणि नाव मात्र बंडप्पांचं. एक हात लुळा पडलेल्या माणसाला ताफ्याचा गेम देणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा हरवणं. बिल्ल्याच्या वेळी एकदा आपलंच झालं, आता तरी नको. त्यांनी मन घट्ट केलं आणि संघप्रियाला सांगितलं, "किल्ल्याचा घे." सोलापूरहून बंडप्पांच्या मुलानं, श्रीशैलनंही फोनवर हेच सांगितलं. सगळं रीतसर ठरलं. विकत घ्यायच्या आधी बंडप्पांना एकदा दाखवावा, एवढंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चारला दोघं गेली. संघप्रिया आधी आत शिरली, पिराजी दारातच थांबले. पोरीला नाही म्हणणं बंडप्पांना जमलं नाही, आणि पोरीच्या मागं बाप आला तेव्हा ते नुसते बघत राहिले. लक्ष्मम्मा लगबगीनं आपल्या कानडीत "या, कूड्री, कूड्री," बसा बसा म्हणाल्या आणि पिराजींना बसायला बाजेपुढं पाट सरकवला.

संघप्रियानं स्टुलावर लॅपटॉप ठेवला आणि किल्ला दाखवला. बंडप्पांनी डाव्या हातानं माउस धरला. एक शिपाई तटावर ठेवला. एक घोडेस्वार वेशीत ठेवला. सगळे "वा, वा" म्हणाले. लहान लेकरानं पहिलं पाऊल टाकल्यावर म्हणतात तसं. ते बंडप्पांना कळलं. त्यांनी माउस सोडला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

लक्ष्मम्मा उगीचच आत गेल्या आणि स्टीलच्या पेल्यात आंबील घेऊन आल्या. पेला आणि चमचा त्यांनी बंडप्पांच्या उशापाशी ठेवला. संघप्रिया लॅपटॉप मिटायला लागली.

"थांब," पिराजी म्हणाले. "दुसरा बी लाव एकदा." आपण हे अप्पांसाठी म्हणतोय की स्वतःसाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं. एवढंच, की हाताला काही काम नसताना ते भिंतीकडं वळलेलं तोंड बघत बसणं त्यांना सोसेना.

ताफ्याचा गेम सुरू झाला. पिराजींनी पाट पुढं ओढला आणि बाणांवर बोटं ठेवली. पडद्यावर गाडी उभी, मागं ट्रकांची रांग, लांबवर धुरळा. आणि पिराजी बसून राहिले.

"बाबा," संघप्रिया म्हणाली, "काढा की गाडी."

पिराजी हलले नाहीत.

"बाबा! शत्रू आला बघा!"

"थांब की जरा," पिराजी तंद्रीतच म्हणाले. "अजून बेल न्हाय झाली."

घरी एकट्यानं खेळताना असं कधी झालं नव्हतं. पण आज ते खाली पाटावर होते, पुढं काचेत रस्ता होता आणि पाठीमागं बंडप्पा होते. इतकी वर्षं असंच बसून गेली होती. अंगानं आपलं जुनं काम धरलं आणि डोक्याला विचारलंच नाही. तेवढ्यात धडाम झालं, गाडीच्या चिंधड्या उडाल्या आणि पडदा लाल झाला.

संघप्रियाला हसू आवरेना. लक्ष्मम्माही पदराआड हसल्या. पिराजी शरमले आणि डोकं खाजवायला लागले. गेमनं पुन्हा पहिल्यापासून गाडी उभी करून दिली. संघप्रिया काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला.

टण. टण.

बंडप्पा हसत नव्हते. चांगले वैतागलेले होते. भर यात्रेत गाडी उभी करून ठेवणाऱ्या ड्रायव्हरकडं बघावं तसे बघत होते. डाव्या हातात चमचा आणि उशापाशी आंबिलीचा पेला डुचमळतोय.

पिराजींनी मागं वळून पाहिलं नाही. वळण्याची पद्धत नव्हती. त्यांचं बोट बटणावर बसलं आणि गाडी सुटली.

पहिला चढ पार झाला. टण. एकच. पिराजींनी गाडी उभी केली. त्यांचा अनवाणी पाय पाटापुढच्या फरशीवर करकचून दाबलेला. गोळे डोक्यावरून जात होते, संघप्रिया "थांबलात का, थांबलात का" म्हणून ओरडत होती. पण कोपऱ्यातल्या नकाशात एक ठिपका पार मागं राहिला होता, तो हळूहळू येऊन रांगेला लागला. टण टण. गाडी निघाली. घरी जो ट्रक दर वेळी लुटला जायचा, तो आज रांगेत होता.

"आगं बया," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "ही तर गाडीच सुरू झाली की वो."

पुढं वाळूचं मोठं वळण आलं. दोन ट्रक दोन दिशांना भरकटले. पिराजींचे दोन्ही हात गुंतलेले. "अप्पा, ती लांब पट्टी दाबा!" ते ओरडले. "खालची, लांब पट्टी!"

बंडप्पांच्या डाव्या हातात चमचा. चमचा सोडला तर बेल जाणार, आणि ड्युटीवर बेल सोडायची नसते. त्यांनी मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडं पाहिलं. तो हात आधी थरथरला. मग बंडप्पा पिराजींच्या खांद्यावरून पुढं वाकले, तसा तो कोपरातून जरासा उचलला, हवेत डगमगला आणि थापटी मारावी तसा अख्खाच्या अख्खा त्या पट्टीवर पडला. दोन्ही ट्रक वळले आणि रांगेला लागले.

लक्ष्मम्मांनी तोंडावर हात घेतला. बंडप्पांचं मात्र लक्षच नव्हतं. ते नकाशाकडं बघत होते आणि चमचा पेल्यावर धरून तयार होते.

पुढच्या पुलावर गाडी उडालीच. हरले दोघंही. पण पिराजींनी मागं वळून पाहिलं, तर बंडप्पांच्या अंगरख्यावर आंबील सांडलेली, कपाळाची विभूती घामानं ओघळलेली आणि ते पडद्याकडं बोट करून पुन्हा लाव म्हणून सांगत होते.

संघप्रिया हिशेबी पोर. ती म्हणाली, "पण बाबा, आपलं तर किल्ल्याचं ठरलंय ना? तो सोपा आहे. अप्पाकाकांना एकट्याला खेळता येईल."

"एकट्यानं खेळायचाच न्हाय," पिराजी म्हणाले. एवढं ठाम ते क्वचितच बोलायचे. मग बंडप्पांकडं वळून त्यांनी रीतसर विचारलं, "अप्पा, तुमीच सांगा. किल्ल्याचा घ्यायचा?"

टण.

"मग ताफ्याचा?"

टण टण. दुसऱ्या टोल्याला उरलीसुरली आंबीलही पेल्याबाहेर आली.

त्याच संध्याकाळी ताफ्याचा गेम विकत घेतला. सुरुवातीला त्यानं खेळणाऱ्याचं नाव विचारलं. नावाला जागा एकच होती. संघप्रियानं बापाचं नाव टाकायला सुरुवात केली, तसे पिराजी म्हणाले, "पूस ते. बंडप्पा लिही." आणि ह्याविषयी अप्पांना काही सांगू नको, असं तिला बजावलं.

मग रोज चारची गाडी सुटायला लागली. आंबिलीचा पेला रिकामा करूनच द्यायचा, असं लक्ष्मम्मांनी ठरवलं. त्यांना एकच चिंता होती. "त्यात मानसं मरत न्हायत न्हवं?" पिराजी म्हणाले, "वैनी, चित्रं हायत ती. आन आमी तर औषधं पोचवतोय." त्यांचं समाधान झालं. खंडोबा देव वर्षातला नळदुर्गचा मुक्काम संपवून अणदूरच्या देवळात परत आला, तेव्हा त्या भंडारा घेऊन आल्या आणि चिमूटभर लॅपटॉपलाही लावला. मॅडम आल्या की बंडप्पांचा उजवा हात उचलून बघायच्या. पट्टी आता अख्ख्या हातानं नाही, मनगटानं दाबली जात होती. मग कधीतरी बोटांनी. मॅडमनी हा कुठला व्यायाम म्हणून विचारलं, तर लक्ष्मम्मा म्हणाल्या, "ड्युटीवर असत्यात."

बोलणं मात्र फारसं परत आलं नाही. 'व्हय' यायचं, 'च्या' यायचं. पिराजींना त्याची अडचण कधी पडली नाही.

आणि एक दिवस ताफा पोचला. पूल ओलांडला, शेवटची टेकडी चढली, छावणीचं फाटक उघडलं आणि सगळेच्या सगळे ट्रक आत गेले. एकही मागं राहिला नाही. वाजंत्री वाजली, पडद्यावर एक सोनेरी बिल्ला फिरत फिरत आला आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत नाव उमटलं. बंडप्पांनी ती इंग्रजी अक्षरं ओठ हलवत लावली. एकदा लावली, पुन्हा लावली. मग त्यांनी पिराजींकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

पिराजी पाटावरून उठले. डेपोतल्या त्या कार्यक्रमात उभे राहिले होते तसेच, हात पुढं बांधून. ह्या वेळी मात्र ते खाली बसले नाहीत.

"अप्पा," ते म्हणाले, "मला बोलता येत न्हाय, तुमाला म्हाईत हाय. पर आज बोलतो. माज्या कपाटात जो बिल्ला हाय, त्यो माजा एकट्याचा न्हाय. सोनारीला तुमी बेल मारली नसती, तर त्या म्हातारीसंगं म्याबी तिथंच संपलो असतो. माज्या लेकरानं वर मान करून शाळा शिकली, म्या रोज रातच्याला सुखानं झोपलो, ते तुमच्या बेलीमुळं. त्यो च्या तुमी खाली ठिवला, तेबी म्या इसरलो न्हाय. कवाच बोललो न्हाय, म्हणून इसरलो आसं समजू नगा. लई, लई उपकार झाले अप्पा तुमचे. जलमभर तुमी माज्या मागं..."

टण.

एकच टोला. बंडप्पांचा चमचा पेल्यावर तसाच टेकलेला होता आणि गालावरून पाणी वाहत होतं.

पिराजी जागच्या जागी थांबले. का, म्हणून त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं, आजही विचारलं नाही. ते पाटावर बसले, उपरण्यानं तोंड पुसलं, बाणांवर बोटं ठेवली. पडद्यावर पुढचा रस्ता उघडला होता, नवी रांग उभी होती. पिराजी वाट बघत राहिले.

जरा वेळानं मागून दोन टोले आले, आणि त्यांनी गाडी काढली.